राव सरांचा साचा

क्लबात कोणी नवे आले की राव सर नाव नंतर विचारायचे. आधी उजव्या हाताचा अंगठा मागायचे. आंब्याला पाड लागला का बघावे तसे ते अंगठ्याचे पेर चिमटीत धरून हलकेच दाबायचे. माझा अंगठा त्या दिवशी भाजलेला होता. मी "आई गं!" म्हणून ओरडले आणि ते एकदम हसले. "आमच्यातलीच की गे तू! भट्टीपाशी बसतेस काय?"

मी खरंच भट्टीपाशी बसत होते. माझे बाबा सांगली जिल्ह्यातून इथे चेन्नईत, सौकारपेटला गलाईच्या कामाला आले. जुने सोनेचांदी वितळवून शुद्ध करायचे, हेच त्यांचे आयुष्य. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. मला कॉलेजात जागा मिळाली ती एअर रायफलच्या नेमबाजीमुळे, खेळाडूंच्या कोट्यातून. फी माफ होती, पण दरवर्षी राज्याच्या चाचणीत ठरलेले गुण मिळवायचे. ते चुकले की माफी संपली, आणि कॉलेजही संपले. हे मला रोज सकाळी उठल्यावर आधी आठवायचे.

राव सर नुंगंबाक्कममधल्या आमच्या क्लबात बंदुका दुरुस्त करत. राहायला वेस्ट मांबलमला. मूळचे तंजावरचे. त्यांच्या मराठीत जुन्या पत्रांतले शब्द यायचे आणि मध्येच तमिळ. "पोदुम, पोदुम, पुरे झाले, आता बैस. हात थकले तर मनास खोटे सांगतात." माझ्या बोलण्याची ते थट्टा करत. "तुमची मराठी धावते गे. आमची बसून बोलते."

दुसऱ्या वर्षी माझे नेम विखरू लागले. दहा गोळ्या नीट, अकरावी कुठे तरी भलतीकडे. चाचणीला दोन महिने राहिले होते आणि मी क्लबाच्या जिन्यात बसून रडत होते. सरांनी माझ्या छर्‍यांची डबी कागदावर ओतली आणि एकेक छर्रा नळीच्या तोंडाशी अंगठ्याने दाबून बघितला. एखादा सैल जाई, एखादा अडे. "रडूं नकोस. दोष तुझा नव्हे. हे सगळे एका मापाचे नाहीत. यांस साच्यातून काढावे लागेल."

साचा कोणता घ्यायचा यावरून त्यांचे आणि क्लबाच्या सेक्रेटरींचे वाजले. सेक्रेटरींना कॅटलॉगमधले यंत्र हवे होते. दांडा ओढला की छर्रा मापात येतो आणि त्याला तेलही आपोआप लागते. "सार, जग कुठे गेलंय बघा," ते म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "यंत्र शंभर छर्रे सारखे करील. त्यातला वाईट कोणता, ते मला सांगणार नाही." त्यांना हातात मावेल एवढा पोलादी साचा हवा होता, छर्रा वरून ठेवून खिळ्याने खाली ढकलायचा तसला. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "ठीक. पण चुकलं तर जबाबदारी तुमची."

सरांनी अंबत्तूरच्या एका लेथवाल्याकडून तीन साचे करून आणले. तिन्हींत केसाएवढा फरक. तीन रविवार आम्ही तेच केले. दहा छर्रे काढायचे, नळीत दाबून बघायचे, मारायचे, पुन्हा दहा. पहिल्याचे छर्रे सैल पडले, तिसऱ्याचे अडले, मधला बरोबर बसला. मग तेल. चेन्नईच्या खाऱ्या हवेत उघड्या शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून तेल हवेच. पण जास्त झाले की नेम पुन्हा विखरतात. सरांनी डबीच्या झाकणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा बसवला, त्यावर दोनच थेंब टाकले आणि छर्रे त्यावरून लोळवले. "तेल लावायचं नव्हे गे. तेलाची आठवण ठेवायची."

असे निवडून काढलेले शंभर छर्रे त्यांनी चाचणीच्या आदल्या दिवशी माझ्या हातात दिले. "साठ मारायचे, बाकी सरावास. यांस कोणी हात लावूं नये."

घरी बाबांनी डबी उघडून विचारले, "ह्ये काय काळपट लागलंय?" मला सगळे सांगता आले असते. साचा, नमदा, दोन थेंब, सगळे. पण बाबांना माझ्या खेळातले काही समजवायला गेले की मला उगीच शरम वाटायची, आपण शहाणपणा दाखवतो आहोत अशी. मी म्हणाले, "असंच, तेल आहे," आणि गणवेशाला इस्त्री करायला गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काम बंद ठेवले आणि ते माझ्याबरोबर आले. रेंजच्या दाराशी राव सर उभे होते. बाबांना राहवेना. "डबी उघड की. कसलं कळकट दिसत हुतं! चिंच आन् राख लावून, फडक्यात घोळून पार लखलखीत केलंय बघ."

डबीतले छर्रे चांदीसारखे चमकत होते. शिसे मऊ असते. छर्‍याच्या मागचा घेर कागदासारखा पातळ असतो, तो घोळल्याने बहुतेकांचा चेपला होता. तेल गेले होते. आयुष्यभर धातूतला मळ काढणाऱ्या माणसाने माझ्यासाठी जे जमते ते केले होते.

सरांनी एक छर्रा उचलून त्याचा मागचा घेर पाहिला. मग बाबांना म्हणाले, "लखलखीत आहेत." बाबा खूश होऊन खुर्च्यांकडे गेले.

ते गेल्यावर सरांनी रुमाल पसरला. घेर शाबूत असलेले छर्रे वेचले, अडतीस निघाले. झाकणातल्या नमद्यावर पुन्हा दोन थेंब टाकून ते लोळवले. कोणाकडे कधी काही न मागणारा तो माणूस मग दुसऱ्या क्लबांच्या प्रशिक्षकांपुढे ओंजळ करून फिरला. कोणी मूठभर दिले, कोणी "आमचे मोजके आहेत" म्हटले. मी लांबून बघत होते. माझे नाव पुकारले.

पहिले अडतीस बरे गेले. पुढचे मागून आणलेले, वेगवेगळ्या डब्यांतले. प्रत्येक गोळी सुटताना मला वाटे, आता जमेल. जमले नाही. मी तीन गुणांनी कमी पडले.

बाहेर बाबा सरांना विचारत होते, "सायेब, पोरीचं काय चुकलं?" मी बोलायला तोंड उघडले. सरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "तिचे कांही चुकले नाही. साचा मी निवडला, तो बारीक निघाला. चूक माझी." तेवढ्यात सेक्रेटरी आले आणि त्यांनी तेच विचारले. सरांनी तेच वाक्य तमिळमध्ये पुन्हा म्हटले. बाबांना तमिळ नीट समजते.

महिन्याभरात क्लबात दांड्याचे यंत्र आले, आणि सरांना यायची गरज नाही असे कळवण्यात आले. माझी फीमाफी गेली. कॉलेज सुटले. आता मी एका दुकानात बिले फाडते आणि बाहेरून पदवीचा अभ्यास करते.

मी एकदा वेस्ट मांबलमला त्यांच्याकडे गेले. म्हटले, "सर, मी सेक्रेटरींना खरं सांगते. तुमचं काम तरी परत मिळेल."

"आणि तुझ्या बापास कोण सांगेल?"

"त्यांना नाही सांगणार."

"असले खरे एका घरात राहत नाही गे. फिरत फिरत त्याच्या भट्टीपर्यंत जाईल. मग तो रोज काय वितळवेल?" त्यांनी कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला. "मी म्हातारा. एक चूक अंगावर घेतली तर जड होत नाही. त्यास होईल. पी, निवते आहे."

मी कॉफी प्यायले. 

मार्गळीच्या महिन्यात, डिसेंबरअखेर, सर गेले. बाबा हट्टाने माझ्याबरोबर आले. त्यांनी हार आणला होता, नमस्कार करताना त्यांचे डोळे भरून आले. परत येताना मांबलम स्टेशनच्या पुलावर ते थांबले आणि म्हणाले, "लई मोठा मानूस. मी मनात कधीच राग धरला न्हाई. चुकतं मानसाचं. पर त्या साच्यात चुकला नसता, तर आज तू कालेजात असतीस."

मी "हो" म्हणाले.