नकाशातला एक किलोमीटर

मी तीस वर्षं चिखलीच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे मला कुणाला रस्ता विचारायची सवय नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही शनिवार-रविवार मेळघाटातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको शीला आणि अकोल्याला बँकेत असलेली आमची लेक सुजाता. तिथे वाटाड्या घेऊन पायी फिरायच्या तीन वाटा होत्या: तलावाची, मचाणाची आणि कड्याची. एरवी वाट निवडणं ही गंमत असते. आमच्याकडे ती गंमत राहिली नव्हती. शीला अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं तिनं दोन वस्त्यांमधली घरं पायी पालथी घातली आणि आठ महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त चाला. ती चालायची, पण पलंगापासून ओट्यापर्यंत! रजा संपायला दहा दिवस उरले होते.

"मी ठरवलं हाय," ती जेवताना म्हणाली. "तिथली एक वाट जाऊन-येऊन पुरी झाली, त कामावर जाईन. नाई झाली, त राजीनामा. मंग मले कोणी समजवाचं नाई."

माझा घास हातातच राहिला. अंगणवाडी सोडलेली शीला मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

"आई, मचाणाची वाट घेऊ. सावली आहे म्हणतात," सुजाता म्हणाली.

"सावलीले काय चाटाचं हाय? लांब किती ते सांग."

"थांबा!" मी हात वर केला. (हात वर केला की घर गप्प होतं असा माझा समज आहे.) "हे मोजून ठरवायचं काम आहे."

सुजातानं आणलेला नकाशा चांगला टेबलाएवढा होता. तो चुरगळू नये म्हणून मी चौकातल्या झेरॉक्सवाल्याला म्हटलं, "याले निम्मा करून दे, खिशात बसला पाहिजे." त्यानं इमानदारीत निम्मा करून दिला. घरी येऊन मी दोरा घेतला, तलावाच्या वाटेवर वळणावळणानं बोटानं दाबत बसवला आणि पट्टीवर धरला. दोन सेंटिमीटर! नकाशाखाली स्वच्छ लिहिलेलं होतं, एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर.

"जायला एक, यायला एक. दोन किलोमीटर!" मी निकाल जाहीर केला.

"दोन त मले जमन," शीला म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला.

शनिवारी सकाळी गेटवर रामलाल नावाचा वाटाड्या मिळाला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा.

"तलाव? जाऊ ना सर. जायलेच दोन किलोमीटर हाय. मावशीले जमन ना?"

"जायला एक," मी त्याला सुधारलं.

"दोन हाय, सर. मी रोज जातो."

"नकाशात एक आहे!" मी खिशातून पुरावा काढला.

रामलालनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "नकाशात असन, सर. आपल्याले जमिनीवरून जाचं हाय."

"चाला हो भाऊ," शीला त्याला म्हणाली. "सरायनं मोजलं हाय." तिचा तो विश्वास आजही आठवला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

निघालो. शीला काठी टेकत, एकेक पाऊल जपून टाकत होती. दहा मिनिटांनी मी म्हणालो, "पाव झालं!" वीस मिनिटांनी, "निम्मं झालं!" पस्तिसाव्या मिनिटाला, "हे वळण संपलं की तलाव!" वळण संपलं. पुढे सागाची झाडं आणि आणखी एक वळण. "मग हेच ते वळण!" मी म्हणालो. तेही नव्हतं. अशी चार वळणं मी शेवटची म्हणून जाहीर केली. रामलाल प्रत्येक वेळी झाडांकडे बघायचा.

पाचव्या वळणाआधी शीला दगडावर बसली. पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ खालीच बघत राहिली.

"एक किलोमीटर नाई जमलं मले," ती म्हणाली. "अर्ज तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी काय करावं? नकाशा काढला आणि उभ्या उभ्या, जंगलात, बोटानं पुन्हा मोजू लागलो! सुजातानं तो माझ्या हातातून घेतला. नकाशाखालच्या, अंतर दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर तिचं बोट थांबलं.

"बाबा, नकाशा लहान केला की खालची पट्टी त्याच्यासोबत लहान होते. अक्षरात लिहिलेलं प्रमाण तसंच राहतं आणि चुकतं. नववीत तुम्हीच शिकवलंय."

शिकवलंय! दरवर्षी! या प्रश्नावर पोरांचे गुण कापलेत मी! समोर रामलाल, शेजारी लेक. 'ऊन वाढतंय, परत फिरू' असं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती, आणि खरं सांगतो, तोंडापर्यंत ते आलं होतं. पण शीला तशीच खाली बघत होती. एक किलोमीटरही झेपला नाही हे मनात धरून ती घरी गेली असती आणि जन्मभर तेच धरून बसली असती.

मी तिच्यासमोर खाली बसलो. "शीला, मी चुकलो."

"काय म्हणलं?"

"चुकलो. वाट दोन किलोमीटरचीच आहे. रामलाल बरोबर होता."

"मंग माह्यं चालणं झालं किती?"

मी रामलालकडे पाहिलं. (आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला अंतर विचारत होतो.)

"दीडच्या वर झालं, मावशी. या वळणामागं पाणी दिसते."

शीलानं पदर खोचला. मग काठी रोवून उठली. तलावावर आम्ही दीड तास बसलो, दशम्या खाल्ल्या, आणि परतीला ती पाच ठिकाणी थांबली, पण पुन्हा अर्जाचं नाव निघालं नाही. गेट दिसलं तेव्हा माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसत मागे राहिलो.

रजा संपताच ती कामावर गेली. वस्तीतल्या बाया विचारतात, "ताई, ऑपरेशनच्या पायानं चार किलोमीटर चालल्या म्हणे?"

"चालण्याचं काय घेऊन बसल्या, बाई," शीला त्यांना सांगते. "त्या दिशी आमच्या सरायनं चूक कबूल केली! अन् तीही दोन साक्षीदारायसमोर!"