नकाशातला ओढा

मंडळी, उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको साताऱ्याहून सांगलीपर्यंत चालत गेलो होतो. त्याची आठवण म्हणून मी हाताने नकाशा काढला आणि इथे टाकला. तुम्ही फार कौतुक केलंत.

आज सकाळी इथल्याच साधनाताईंचा मेसेज आला. "तुमचा नकाशा घेऊन मी आणि माझी जाऊ उंब्रजहून निघालो." सोबत झेरॉक्सचा फोटो.

उंब्रजच्या पुढे एक ओढा लागतो. आम्ही चपला हातात घेऊन तो सहज ओलांडला, म्हणून नकाशात मी तिथे नुसती एक बारीक निळी रेघ मारली होती. पण आता पावसाळा आहे.

लगेच फोन लावला. त्या ओढ्यापाशीच होत्या. "आवं ताई, हितं लय पाणी हाय की."

"मग मागे फिरा."

"पर नकाशात वाट हितनंच हाय न्हवं? तुमी गेलाच की."

तेवढ्यात फोन कट झाला. तेव्हापासून लागतच नाहीये. पोलिसांना कळवलंय, तरी जीव थाऱ्यावर नाही.

त्या बाजूला आत्ता कोणी आहे का? दोघी पन्नाशीच्या आहेत. दिसल्या तर आधी त्यांच्या हातातला माझा नकाशा फाडून टाका.