तांबडा टॉवेल

दोरीवर वाळत घातलेला तांबडा टॉवेल फडफडला की मला विमानातले बाबा आठवतात. मुंबईहून गावी येत होतो, बाबांचा पहिलाच विमानप्रवास. उतरायच्या वेळी पायलटने सांगितलं, पुढचं चाक खाली येत नाही, प्रयत्न चालू आहेत. विमान मालवणच्या समुद्रावर घिरट्या घालू लागलं. खाली तारकर्लीसमोर होड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसत होत्या, त्यातली एक काकाची. जन्मभर मासेमारी केलेल्या बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि खिडकीशी हलवायला लागले. मी लाजून त्यांचा हात धरला. "सोड रे," ते म्हणाले, "दर्यात इंजिन बंद पडला की आमी फडकोच दाखवतव. कोणतरी बघता, दोर घेवन येता." मी हात सोडला. तिसऱ्या फेरीला चाक उतरलं. संध्याकाळी काका समुद्रावरून आला आणि हसत म्हणाला, "तुमचा विमान तीनदा फिरला. आमका वाटला, वरसून मालवण बघतासात!" बाबा हसले नाहीत. आता काकाची ती होडी मी चालवतो. एखादं विमान एकाच जागी फिरताना दिसलं, की जाळं सोडून मी उभा राहतो आणि टॉवेल हलवतो. आपला दोर तिथवर पोचत नाही, हे ठाऊक असूनही.