मंगळवारी काय केलंत?

न्हावी, डॉक्टर आणि वकील यांच्याकडे किस्से आपोआप जमा होतात. लोक समोर बसतात आणि बोलत सुटतात. आमचं काम तर त्यांच्याही वरचढ होतं. आम्ही स्वतःच टेप रेकॉर्डर घेऊन लोकांच्या घरी जायचो आणि "बोला" म्हणायचो! दोन वर्षांनी बघितलं तर थीसिसची फाइल बारीक आणि किश्शांची जाड.

साल नव्वदच्या दशकाच्या मधलं, गाव अमेरिकेतलं ॲन आर्बर. मी नागपूरहून पीएचडीला आलेली. आमच्या प्रोफेसर हेलन, ज्यांना मी घरच्या फोनवर 'आमच्या बाई' म्हणायचे, त्यांचा प्रोजेक्ट होता दोन गावांत राहणाऱ्या नवरा-बायकोंच्या रोजच्या जगण्यावर. भाजी कोण आणतं, बल्ब कोण बदलतं, फोन आधी कोण ठेवतं, असलं सगळं. नवऱ्याची मुलाखत वेगळी, बायकोची वेगळी, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही ही शपथ. टीममध्ये दोघीच, मी आणि लिंडा. लिंडा मिशिगनमध्येच वाढलेली, उंच, सतत च्युइंगम चघळणारी.

पहिल्याच मीटिंगला बाई म्हणाल्या, "प्रेमाबद्दल विचारू नका. प्रेमाबद्दल सगळे छानच बोलतात. मंगळवारी काय केलंत ते विचारा!"

आता पंचाईत अशी की मी स्वतः त्यातलीच. माझा नवरा मिलिंद शिकागोजवळ शॉमबर्गला सॉफ्टवेअरमध्ये. मध्ये पाच तासांचा ड्राइव्ह. थँक्सगिव्हिंगला तो म्हणाला, "वैशू, मार्चमध्ये माझ्या घराची लीज संपतेय. टू-बेडरूम बघू का? तू मास्टर्स घे आणि ये इकडे. बास झालं यार."

मी म्हणाले, "सांगते."

डिसेंबर गेला, जानेवारी गेला, मी सांगतेच आहे! पीएचडी सोडवत नव्हती आणि तसं त्याला तोंडावर सांगवतही नव्हतं. त्या हिवाळ्यात मला एका जागी बसणं जमेना. बसस्टॉपवरसुद्धा मी येरझाऱ्या घालायचे. लोकांना वाटायचं, थंडी वाजत असेल बिचारीला.

* * *

मीनल आमच्या यादीतली पहिली मराठी मुलगी. पुण्याची, बायॉलॉजीच्या लॅबमध्ये. नवरा व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. आम्ही सगळ्यांना फोनची डायरी भरायला द्यायचो. कॉल किती वाजता झाला, किती मिनिटं चालला, कोणी केला. मीनलच्या डायरीत दोन आठवडे नुसती शून्यं!

बाईंचा चेहरा उतरला. "हे दोघं बोलतच नाहीत. आपण काही करायला हवं का?"

मला पाठवलं. मीनल कांदा चिरत होती. मी कसाबसा विषय काढतेय तोवर फोन वाजला. एक रिंग, आणि बंद. मीनल चिरत राहिली. "पोहोचला ऑफिसला," म्हणाली.

थोड्या वेळाने दोन रिंगा. "मीटिंग लांबणार आहे आज."

"अगं, मग हे डायरीत का नाही लिहिलंस?"

"उचललाच नाही तर तो कॉल कसला?"

विचारलं तर कळलं, दिवसाला सात-आठदा हा प्रकार! तीन रिंगा म्हणजे भांडण मिटलं. बाई ऐकून इतक्या खूश झाल्या की डायरीत त्यांनी 'न उचललेले कॉल' असा नवा रकाना घातला. पुढच्या आठवड्यात मीटिंग चालू असताना त्यांचा स्वतःचा फोन एकदाच वाजून थांबला. बाई आमच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "याचा अर्थ काय असेल?"

लिंडा म्हणाली, "राँग नंबर."

* * *

प्रशांत मेकॅनिकलचा. त्याची बायको सुनीता शिकागोत बँकेत. ती महिन्याच्या पोळ्या लाटून, फ्रीज करून, शिकागोहून ॲन आर्बरला येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवायची. बऱ्याचदा तो 'कोणी' म्हणजे आमचाच मिलिंद. गाडीतून स्वतःची बॅग नंतर काढायचा, आधी पोळ्यांचा आइसबॉक्स.

मी प्रशांतला विचारलं, "सुनीता नाराज असली तर तुला कळतं कसं?"

"पोळीच्या जाडीवरून."

मी हसले. तो हसला नाही. ड्रॉवर उघडून त्याने व्हर्नियर कॅलिपर काढलं! "बोटांना नीट कळत नाही ना. हे बघ, ऑक्टोबरात जाडी वाढली. मी लगेच फोन करून सॉरी म्हटलं. नोव्हेंबरात नॉर्मल." आलेख काढला होता पठ्ठ्याने, ग्राफ पेपरवर.

पंधरा दिवसांनी मी शिकागोला सुनीताची मुलाखत घेतली. जाता जाता विचारलं, पोळ्या कधी पातळ, कधी जाड होतात का गं?

"होतात ना! खांदा दुखत असला की जोर लागत नाही, जाड राहतात. का गं?"

"काही नाही, सहज."

"पण एक सांगू? हल्ली हा मध्येच फोन करून सॉरी म्हणतो. काही झालेलं नसताना! मी म्हटलं, चला, माणूस सुधारला."

आम्ही सांगायचं नाही ही शपथ घेतलेली. परतीच्या बसमध्ये माझ्या पोटात तो किस्सा नुसता उड्या मारत होता.

* * *

रविवारी नागपूरहून बाबांचा फोन यायचा. "जय भीम बेटा. मिलिंद काय म्हणतो?"

"तो शॉमबर्गला आहे बाबा. मी इथे."

"अजून?"

या 'अजून'वर मी प्रोजेक्टबद्दल बोलायला लागायचे. एकदा बाबांच्या शेजारी कांबळेकाका बसले होते. रेल्वेतून रिटायर्ड. बाबांनी त्यांना समजावलं, पोरगी यावर संशोधन करतेय की नवरा एका गावाला, बायको दुसऱ्या गावाला, तर कसं चालतं.

काकांनी फोनच हातात घेतला. "बेटा, त्यासाठी अमेरिकेला कशाला गेलीस? मी बारा वर्षं भुसावळला, तुझी काकू इथं तीन पोरांना घेऊन. आमच्या अर्ध्या कॉलनीचं हेच. कोणी टेप घेऊन आलं नाही!"

"काका, आमच्याकडे याला लाँग डिस्टन्स रिलेशनशिप म्हणतात."

"आम्ही बदली म्हणायचो."

मी म्हटलं, द्या जरा काकूंना, त्यांना कसं वाटायचं विचारते. काकू बहुतेक तिथेच होत्या. लांबून आवाज आला, "तिला म्हणावं, आत्ता विचारून काय उपयोग!"

ते वाक्य मी कुठल्याच रकान्यात भरू शकले नाही. बरेच दिवस ते डोक्यातून जाईना.

* * *

सगळे किस्से आपल्याच लोकांचे असतात असं नाही हं. लिंडाला एक अमेरिकन जोडपं मिळालं. तो इथे, ती विमानाने दोन तासांवर. सहा वर्षं सगळी भांडणं फोनवर झालेली. मग तिला इथेच नोकरी लागली आणि दोघं एका घरात आले. आणि भांडताच येईना! समोर चेहरा दिसला की शब्द फुटेना. आतल्या आत धुमसायचे दोघं.

शेवटी त्यांनी घरात दुसरी फोन लाइन घेतली. ती वरच्या मजल्यावर, तो बेसमेंटमध्ये. दोघंही सांगत होते, आता उत्तम चाललंय.

लिंडाने विचारलं, "आणि तडजोड झाली की?"

"मग जेवायला खाली येते ना मी!"

हा किस्सा मी मिलिंदला फोनवर सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "आपलं उलट होणार. आपण एका घरात आलो की बोलायला लागू."

मी सवयीने विचारलं, "म्हणजे नेमकं कशाबद्दल? एखादं उदाहरण देशील?"

मग तो म्हणाला, "हे तू विचारतेयस की प्रोजेक्ट?"

मी फोन ठेवल्यावर सिंकमधली सगळी भांडी घासली. घासलेलीसुद्धा परत घासली.

* * *

फेब्रुवारीत एक जोडपं ऐनवेळी गळलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू आणि मिलिंद?"

नाही कसं म्हणणार? लिंडाने आधी माझी मुलाखत घेतली. पुढच्या वर्षी कुठे असाल, या प्रश्नावर मी तिच्याकडे च्युइंगम मागितलं आणि तिने तेच उत्तर म्हणून मंजूर केलं. मग ती गाडी काढून शॉमबर्गला गेली.

मुलाखत देणाऱ्याने हवं तेव्हा स्वतःच्या भाषेत बोलावं, अशी बाईंची सूट होती. मराठी टेप आल्या की त्या ऐकून इंग्रजीत टाइप करायला मीच. दुसरं मराठी येणारं डिपार्टमेंटमध्ये कोणी नव्हतं. नियम कडक, शब्द न् शब्द उतरवायचा, खोकलासुद्धा. आवाज कळलाच नाही तर तेवढे सेकंद लिहून पुढे 'ऐकू येत नाही' असं टाकायचं. माझ्या टेपांमध्ये हे दोन वर्षांत एकदाही आलं नव्हतं आणि त्याचा मला तोरा होता.

मिलिंदची टेप लावली. अर्धा तास अगदी शहाण्यासारखं इंग्रजी. सोमवारी लाँड्री, मंगळवारी डाळ-भात. मग लिंडाचा शेवटचा प्रश्न, या व्यवस्थेतली एक गोष्ट बदलता आली तर कुठली बदलाल?

खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मिलिंद मराठीत बोलायला लागला.

"वैशू, हे टाइप तूच करणारेस, म्हणून सांगतो. लीज रिन्यू केली मी. हेच घर, वन-बेडरूम. तू पीएचडी पूर्ण कर. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच थँक्स म्हणाली असतीस, आणि मला थँक्स ऐकायचं नव्हतं. मला बरं वाटतंय असं समजू नकोस. तू गेलीस की रविवारी मी मॉलमध्ये जाऊन बसतो. काही घेत नाही, नुसता बसतो. हे तुला माहीत असावं. बास, एवढंच."

मग लिंडाचा आवाज, "इंग्लिशमध्ये काय?"

"म्हटलं, इथला हिवाळा फार लांबतो."

"ते तर आहेच," लिंडा म्हणाली आणि टेप संपली.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटण्याची लाज वाटली. उठले, पाणी प्यायले, परत हेडफोन लावला. टेप किती वेळा मागे घेतली ते सांगणार नाही. मग टाइप केलं, 'चाळीस सेकंद. ऐकू येत नाही.' त्याखाली हिवाळ्याचं वाक्य.

दोन दिवसांनी बाईंनी कागद घेऊन मला बोलावलं. "तुझ्या टेपवर हे पहिल्यांदाच बघतेय. रेकॉर्डर बिघडलाय का?"

"नाही नाही, रेकॉर्डर चांगला आहे."

"मग?"

"खिडकीजवळून ट्रक गेला असेल. मोठा."

बाईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान काढलं. मुलाखतीच्या जागेचं वर्णन तिथे लिहायचं असतं. लिंडाने अगदी व्यवस्थित लिहिलं होतं. बाईंनी ते सावकाश वाचलं, चष्मा काढला, कागद फाइलमध्ये नीट लावून टाकला आणि म्हणाल्या,

"तिसऱ्या मजल्यावरून?"