वासूदादाचा वाटा

नातवाच्या गुडघ्याला टिंक्चर लावलं की त्या वासासरशी मी देवबागच्या किनाऱ्यावर पोचते. फौजेत जखमींची मलमपट्टी करणारा माझा वासूदादा रजेवर आला होता. रापणीचं जाळं ओढून सोललेल्या हातांना त्याने टिंक्चर लावलं, तसे दांडगे गडी पोरांसारखे कळवळले. आम्ही बायका हसून लोळलो.

जाळं ओढेल त्याला मासळीचा वाटा मिळे. वाटे घालणाऱ्या भिकूतात्यांनी दादापुढेही बांगडे ठेवले.

"मी दोरयेक हात लावूक नाय," दादा म्हणाला.

"आमचे हात धरलस मा? झाला."

मला ती थट्टाच वाटली.

पासष्टच्या लढाईत, गोळीबारातून जखमींना ओढून आणताना दादा गेला. शौर्यपदक आईने पेटीत ठेवलं. बांगडे मात्र दर रापणीला दारात येत राहिले, आणि आई हसून सांगे, "वासूचो वाटो इलो."