फायनलपुरता उसना

सरांनी पहिलं हेच विचारलं, "कप किती आहेत त्यांच्याकडे?" आणि मी पोरगीला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं आणि बोलून गेले, "सर, कप नाही, हंडे आहेत."

सर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल ही बाई भांडी विकायला आलीय. मला मोठ्या माणसांसमोर भीती वाटते, नववीतच शाळा सुटली माझी, आणि भीती वाटली की मी गप्प बसत नाही, उलट बोलतच सुटते, म्हणून मग सगळं सांगून टाकलं, की माझे मिस्टर फुटबॉल खेळतात, मागे खेळतात, बॅकला, सुरतला साडीच्या मिलमध्ये कामाला आहेत, तुमच्या शाळेच्या गेटवर पाटी वाचली की मुलांना फुटबॉल शिकवायला माणूस पाहिजे, तर त्यांना घ्या, ते जळगावला येतील, घरी येतील. हे शेवटचं सरांना सांगायचं नव्हतं. ते निघून गेलं तोंडातून.

"हंडे कसले?" सर म्हणाले.

हंड्याचं सांगायचं तर आधी धुळ्याचं सांगावं लागतं. धुळे माझं माहेर. आमची गच्ची मैदानाला लागून, आणि उन्हाळ्यात तिथे गल्लीगल्लीच्या टीमची टूर्नामेंट असायची. आमच्याकडे रीत अशी, की एखादी टीम फायनलला गेली आणि तिचा मागचा गडी कच्चा असला तर दुसरीकडून एक चांगला गडी उसना आणायचा. पाहुणे आल्यावर शेजारून वाटीभर साखर आणतो ना, तसं. तो येतो, खेळतो, मटण भाकरी खातो, आणि जाताना त्याला एक स्टीलचा हंडा देतात, नाहीतर कुकर, नाहीतर परात. कप गल्लीत राहतो. फोटोत पण उसना गडी उभा राहत नाही, तो बाजूला सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळतो. कोणाला त्यात वाईट वाटत नाही, रीतच आहे.

हे तसेच आले होते जळगावहून, फायनलपुरते. मी गच्चीवर बिबडे राखत बसले होते, ज्वारीचे पापड ते, वाळत घातले की कावळे फार येतात. खाली सगळे गोल मारणाऱ्याच्या नावानं ओरडत होते. मी पण आधी त्याच्याकडेच बघत होते, तो होताच तसा, बॉल त्याच्या पायाला चिकटून राहायचा. पण मग माझं लक्ष दुसरीकडे गेलं, की मैदानाच्या या बाजूला काही होतच नाहीये. समोरच्या टीमची पोरं सगळीकडून येत होती, इकडून येत नव्हती. आली तरी वळून जायची. तिथे एक काळा सडपातळ माणूस नुसता चालत होता, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे.

भिंतीखाली एकजण म्हणाला, "हा उसना आणलाय का झोपायला? पळत का नाही?"

दुसरा म्हणाला, "त्याला पळायचं कामच पडून नाही राहिलं भो."

त्या दिवशी एक पूर्ण ताट बिबडे कावळ्यांनी नेले, आईनं मला धू धू धुतलं बोलण्यानं. पुढे स्थळ आलं जळगावचं, आणि दारात तोच माणूस. चहा पुढे ठेवायच्या आधीच मी मनात हो म्हणून टाकलं होतं. सासरी आले तर स्वयंपाकघराच्या फळीवर हंडेच हंडे, त्यावर परात, त्यावर कुकर, आणि सासूबाई म्हणाल्या, "मना आंडोरनी कमाई शे ही." माझ्या पोराची कमाई आहे. कप एक पण नाही.

हे सगळं मी सरांना एका दमात सांगितलं. सर हसले, पण हाकललं नाही. म्हणाले, रविवारी आणा त्यांना. अजून एकजण येतोय, त्याच्याकडे कप भरपूर आहेत, बघू.

मला ती नोकरी का पाहिजे होती ते सांगते. हे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला येतात आणि दिवाळीला येतात, बाकी वर्षभर फोन. तीन महिन्यांपूर्वी पोरगीला ताप आला आणि ताप डोक्यात गेला, झटका आला तिला, डोळे वर, दातखीळ बसलेली, अंग लाकडासारखं. सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरत होत्या आणि मी अनवाणी रिक्षा शोधत रस्त्यावर. यांना फोन लावत होते, लावत होते, मिलमध्ये फोन बाहेर ठेवून आत जावं लागतं. डॉक्टर म्हणाले लहान मुलांना होतं असं, घाबरू नका. पण तेव्हापासून पोरगी नुसती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघते. दारात कोणीतरी पाहिजे असं वाटतं. कोणीतरी नाही, हेच पाहिजेत.

रविवारी पॅसेंजरनं आले. नंदुरबार गेलं, अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, मी प्रत्येक स्टेशनला फोन करत होते, शेवटी म्हणाले, गाडी तू चालवून राहिली का मी. घरी आले तर पोरगी त्यांच्याकडे जाईना, माझ्या पदरात तोंड घालून बसली. ते चूळ भरायला मोरीत गेले आणि खूप वेळ तिथेच होते.

निघताना मी म्हटलं, काहीतरी दाखवायला तर पाहिजे ना हो. सासूबाई लगेच, "मंग हंडा लई जाय डोकावर. सर म्हनतीन, कप नही ते नही, पानी तरी उनं." कप नाही तर नाही, पाणी तरी आलं. हे हसले, मला हसू आलं नाही.

शाळेच्या मैदानावर गेलो तर दुसरा माणूस कोण, तर धुळ्याच्या त्या फायनलचा गोल मारणारा. तो आता जळगावलाच राहायला आलाय, म्हातारे वडील घेऊन. त्यानं गोणी आणली होती, कांद्याची असते तशी, ती त्यानं टेबलावर सोडली आणि त्यातून कपच कप, मोठे, छोटे, एकाचं झाकण घरंगळत खाली गेलं.

त्यानं यांना बघितलं आणि म्हणाला, "काय पाहुणा, आज कोणाकडून?"

"आज घरच्याकडून," हे म्हणाले.

"मग मी गेलो कामातून," तो म्हणाला, आणि दोघं हसले, खांद्यावर हात टाकून. मला राग आला. नोकरी एक आणि यांना गप्पा सुचताहेत.

दोघांना अर्धी अर्धी मुलं दिली. त्यानं मुलांना पळवलं, गोल मारायला लावले, नुसती धमाल. यांनी मुलांना मैदानात उभं केलं आणि शिकवत काय होते, तर उभं कुठे राहायचं ते. बॉल तिकडे गेला तर तू कुठे, इकडे आला तर तू कुठे. मुलं जांभया द्यायला लागली. एक पोरगा खाली बसून बुटाची लेस सोडून परत बांधायला लागला. सर कपावरची नावं वाचत होते.

मग सरांनी यांना विचारलं, "तुम्ही एकही फायनल जिंकली नाही?"

माझ्या ओठावर आलं होतं. हे म्हणाले, "कप गल्लीना राहस सर. मी पाहुना."

तेव्हा तो गोलवालाच बोलला, मी त्याला त्यासाठी मानते. टेबलावरचे दोन मोठे कप त्यानं पुढे सरकवले. "सर, हे दोन हा होता म्हणून आले. मी गोल मारले ते खरं, पण याच्या बाजूनं आमच्यावर गोल झाला नाही ते पण खरं."

"मग फोटोत कुठे आहेत हे?"

"फोटोत नाही सर. आमच्या चपला होत्या ना याच्याकडे."

सगळे हसले. सर हसले, हे पण हसले. मी पोरगीचं टोपडं नीट करत राहिले. मला माझंच आठवत होतं, की दिवसभर पोरगी रांगते, पायरीकडे जाते, स्टोव्हकडे जाते, तोंडात मणी घालते, आणि मी तिच्यामागे, आणि संध्याकाळी तिला काही झालेलं नसतं. तर संध्याकाळी कोण विचारतं, आज काय केलंस म्हणून? पडली तर विचारतील. जे झालं नाही त्याचा कप कोण करणार, आणि त्यावर लिहिणार काय.

नोकरी त्याला मिळाली. हे त्याच रात्रीच्या गाडीनं परत गेले होते. मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, त्याचे वडील आजारी असतात. आणि मग आतल्या मशीनचा आवाज येत राहिला.

आता मी रोज चार वाजता पोरगीला घेऊन शाळेच्या जाळीपाशी जाते. आधी गेले ते खरं सांगायचं तर त्याला शिकवता येत नाही हे बघायला. पण येतं त्याला. मुलं त्याच्यावर जीव टाकतात, पडलेल्याला उचलतो, रागावत नाही. त्याचे कप खोटे नाहीत, मी कधी म्हटलं नाही तसं. फक्त सगळे त्याचे एकट्याचे नाहीत. मागे कुठे उभं राहायचं, हे मात्र त्याला कोणी शिकवलेलंच नाही, त्याच्या मागे नेहमी कोणीतरी उसना असायचा.

तालुक्याच्या मॅचेस लागल्या तशी सरांनी त्याला सांगितलं, यंदा शाळेत कप आला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू. मला शिपाईमावशींनी सांगितलं. वर म्हणाल्या, "तुझ्या मिस्टरांचा नंबर लागेल मग." घरी येऊन मी भाकरी थापत होते आणि तव्यावरची जळाली तरी कळलं नाही. टीम हरली की हे घरी येतील. टीम हरली की त्याची नोकरी जाईल. दोन्ही एकच.

काल मॅच होती, आमच्याच मैदानावर. यांना सुट्टी होती, मी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल जाळीच्या भोकातून धरला. पोरगी आता त्यांना ओळखते, मोबाईलमधल्या त्यांना. हाफ टाइमपर्यंत एक एक गोल होता. समोरची मुलं सारखी एकाच बाजूनं आत घुसत होती. मला दिसत होतं ते. मी काही बोलले नाही.

हे म्हणाले, "डावीकडला पोऱ्या भलता पुढे जाई राहिना. त्यानं बठ्ठं ध्यान बॉलकडे शे. त्याले मांगे ठेव म्हना." डावीकडचा पोरगा फार पुढे जातोय, सगळं लक्ष बॉलकडे, त्याला मागे ठेवायला सांग.

"कोणाला म्हणू?"

"कोचले. जाय ना, आते हाफ टाइम शे."

मी म्हटलं, "अहो, ते हरले तर." पुढचं मला म्हणता आलं नाही.

"माहीत शे," हे म्हणाले. थोडा वेळ त्यांचा चेहरा हललाच नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "पोरं रडतीन ना व. सांग त्याले."

पोरगी मोबाईलवर हात आपटत होती, त्यांच्या गालावर. तिकडे मुलं पाण्याच्या बाटल्या ठेवून परत मैदानात जायला लागली होती आणि सरांनी शिट्टीवाल्याला हात केला होता. मी मोबाईल ब्लाउजमध्ये खोचला, पोरगीला उचललं आणि जाळीच्या कडेकडेनं पळत गेटकडे गेले, आणि धाप लागलेली असतानाच हाक मारली, "भाऊ, ओ भाऊ, थांबा, यांचा निरोप आहे."