पाच गाद्यांचं घर

घरांचे किस्से जमवावे लागत नाहीत, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. आपण फक्त परदेशात तीन मित्र ठेवायचे आणि त्यांनी घर बदललं की फोन करून विचारायचं, "काय, कसं आहे घर?" पुढचा एक तास आपल्याला काही बोलावं लागत नाही. चहा मात्र गार होतो.

आमचा ग्रुप पाच जणांचा, पाचही जण कळव्याच्या एकाच चाळीतले. नीलेश, म्हणजे नील्या, सिडनीत. रेखा जर्मनीत. प्रशांत, म्हणजे पश्या, टोकियोत. मी चारू, लग्न होऊन फक्त डोंबिवलीपर्यंत पोचले, त्यामुळे मला ग्रुपमध्ये फारसा मान नाही. आणि पाचवी विजया. ती कुठेच गेली नाही. कल्याणच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, आणि आई. तिच्या आईला अख्खी चाळ आक्का म्हणायची.

आता आमचं माप सांगून ठेवते. आमच्या चाळीत घर स्क्वेअर फुटात मोजत नसत, गाद्यांत मोजत. जमिनीवर किती गाद्या पडतात, तेवढं घर मोठं. आमचं तीन गाद्यांचं होतं. विजयाचं पाच. त्यातली पाचवी गादी आक्काच्या लोखंडी खाटेखाली, आणि ती पश्याची, कारण तो सगळ्यांत काडी. सुट्टी लागली की आम्ही सगळे तिच्याकडेच पडीक. आमच्या घरचे लोक आम्हाला शोधायचेसुद्धा नाहीत.

आणि कुणाकडे लग्नाचे पाहुणे आले की शेजाऱ्यांना विचारावं लागायचं नाही. शेजारीण आपणहून दारात यायची आणि म्हणायची, "आमच्याकडे दोन गाद्या बसतील." झालं! पाहुणे वाटले जायचे. आक्काने हे वाक्य अर्ध्या चाळीला ऐकवलं असेल आणि अर्ध्या चाळीकडून ऐकलं असेल.

तर ती चाळ पाडायची ठरली. सगळे पांगायला लागले, कुणी दिव्याला, कुणी टिटवाळ्याला. विजयाला घर घेणं भाग होतं आणि आक्काने अट घातली. पाच गाद्या बसल्या पाहिजेत आणि मला ते घर वाटलं पाहिजे. नाहीतर मी नाशिकला धाकट्या लेकाकडे जाते, तू तुझं बघ.

विजया मला फोनवर म्हणाली, "चारू, आई नाशिकला गेली तर मी ते घर घेऊन करू काय गं?" एरवी ती रडणाऱ्यातली नाही. त्या दिवशी रडली.

*

पहिली मदत जर्मनीहून आली, म्हणजे सल्ला आला. रेखाचं म्हणणं, घर विकत कशाला घ्यायचं? आमच्याकडे अर्धा देश जन्मभर भाड्याने राहतो आणि मजेत असतो!

मग तिला तिच्याच पहिल्या भाड्याच्या घराची आठवण करून द्यावी लागली. किल्ली मिळाल्यावर बाईसाहेबांनी मोठ्या हौसेने आक्काला व्हिडिओ कॉल लावलेला. हॉल दाखवला, बेडरूम दाखवली, मग स्वयंपाकघर दाखवलं. चार भिंती आणि एका भिंतीतून बाहेर आलेला पाइप. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही, छताला बल्बसुद्धा नाही, नुसत्या वायरी. रेखाला वाटलं चोरी झाली. तिने घरमालकाला घाबरून फोन केला तर तो शांतपणे म्हणाला की आधीचे भाडेकरू त्यांचं स्वयंपाकघर घेऊन गेले, तुम्ही तुमचं आणा. तिकडे तशीच पद्धत आहे म्हणे, घर सोडताना लोक ओटा उचलून नेतात.

आक्काने फोन डोळ्यांजवळ नेऊन तो पाइप बघितला. मग म्हणाली, "पोरी, तू घर भाड्याने घेतलंस की भिंती?"

पण आमची रेखा कळव्याच्या भाजी मार्केटात वाढलेली. तीन वर्षांनी घर सोडताना तिने नव्या भाडेकरूला तेच स्वयंपाकघर असं काही विकलं की बिचारा सिंकसकट घेऊन वर तिचे आभार मानून गेला. ओट्यावरचा पोळपाट मात्र तिने दिला नाही.

*

नील्याची गोष्ट वेगळी. नील्या म्हणजे आमचा चालताबोलता कॅल्क्युलेटर. त्याला काहीही सांगा, तो आधी डॉलर करणार, मग रुपये करणार, मग हसणार. आमच्या इथल्या पार्किंगच्या भावात कळव्यात वन बीएचके येतो, हे वाक्य तो दर भेटीत बोलतो.

सिडनीत घरांचा लिलाव होतो, शनिवारी सकाळी, घरासमोरच्या रस्त्यावर. एक सुटातला माणूस पायरीवर उभा राहून ओरडतो आणि खाली गर्दी हात वर करते. नील्या पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणीतरी एक आकडा बोललं. नील्याने नेहमीच्या सवयीने नाक मुरडलं आणि त्याच्याहून कमी आकडा बोलला!

सगळा रस्ता वळून त्याच्याकडे बघायला लागला. सुटातल्या माणसाने परत विचारलं. नील्याला वाटलं, आला लाइनीवर. त्याने आणखी थोडे कमी केले आणि दोन पावलं निघून जायची अ‍ॅक्टिंगही केली. आपल्याकडे अशा वेळी दुकानदार मागून हाक मारतो. इथे कुणी हाक मारली नाही. बायको गाडीत जाऊन बसलेली.

आता त्याचं घर आहे, बारा गाद्यांचं, शहरापासून इतकं लांब की त्यापेक्षा आमची डोंबिवली बरी. पण त्याच्याकडे राहायला जायचं तर महिनाभर आधी कळवावं लागतं. मी एकदा विचारलं, बारा गाद्यांवर झोपतं कोण? तर म्हणाला, कुत्रा.

*

इकडे विजयाची शोधाशोध चालूच. कळव्यात परवडेना, ठाण्यात तर नुसता भाव ऐकून तोंड कोरडं पडायचं. तरी एका रविवारी मी तिला आणि आक्काला कोलशेतला घेऊन गेले. मोठा प्रोजेक्ट, खाली कारंजं, आत एसी, गेल्या गेल्या कोल्ड कॉफी. टाय लावलेला एक मुलगा सॅम्पल फ्लॅट दाखवायला आला.

काय तो फ्लॅट! बेडरूममध्ये डबल बेड, दोन्ही बाजूंना टेबलं, तरी भोवती फिरायला जागा. विजयाचे डोळे चमकले. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. तो मुलगा म्हणाला, बघा मॅडम, किती स्पेशियस आहे.

आक्काने चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ त्या पलंगावर आडवी झाली.

मुलगा ओरडला, आजी, झोपायचं नाही, तो डिस्प्लेचा आहे. पण तोवर आम्ही सगळ्यांनी बघितलेलं. आक्का उंचीने माझ्या खांद्याला लागते आणि तिच्या टाचा पलंगाच्या बाहेर! पलंगच आखूड बनवलेला. मग मी कपाट उघडून बघितलं, त्यात हँगर सरळ लटकत नव्हता. सोफ्यावर बसले तर गुडघे हनुवटीशी. सगळं सामान बेतून लहान केलेलं, म्हणजे खोली मोठी दिसावी.

आक्का पडल्या पडल्या म्हणाली, "बाळा, इथे राहायचं तर आधी गुडघ्यापासून पाय कापून यावं लागेल."

आमच्या मागे जे कुटुंब होतं त्यातले काका लगेच पुढे आले आणि म्हणाले, आजी, झालं की मी पडतो. मग त्यांची बायको. मग आणखी दोघं. त्या टायवाल्या मुलाने शेवटी बेडरूमचं दार बंद केलं. आम्ही कॉफी संपवून बाहेर पडलो, ती मात्र चांगली होती.

*

मध्येच माझं सांगते, नाहीतर म्हणाल ही फक्त दुसऱ्यांवर हसते. आमचा डोंबिवलीचा फ्लॅट घेताना एजंटने जी खोली "मास्टर बेडरूम" म्हणून दाखवली, तिथे पलंग टाकल्यावर कपाटाचं एकच दार उघडतं. नवऱ्याचे कपडे त्या दुसऱ्या दाराआड आहेत. म्हणून तो वर्षानुवर्षं दोनच शर्ट घालतो.

*

एकदा ग्रुपवर मोठं भांडण झालं, घर कुठे परवडतं यावरून. नील्या म्हणे सिडनी सगळ्यांत महाग, पश्या म्हणे टोकियो, मी ठाण्यासाठी लढत होते. शेवटी विजयाने एकच विचारलं, कर्ज फिटेल तेव्हा तुमची वयं काय असतील? सगळ्यांनी आपापलं सांगितलं. सगळ्यांचं उत्तर साठीच्या आसपास.

त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग येत होतं.

*

पश्याचा किस्सा मात्र मला फार आवडतो. तो टोकियोत नवा गेला तेव्हा भाषा अर्धवट, पगार बेताचा. घर दाखवणारा म्हातारा एजंट त्याला वाकून वाकून नमस्कार करायचा आणि पश्या त्याच्याहून जास्त वाकायचा, त्यातच अर्धा दिवस जायचा. पश्याने खोली किती मोठी आहे म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, "सहा चटयांची."

पश्याला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. त्याने परत विचारलं. म्हाताऱ्याने समजावलं की आमच्याकडे खोली पूर्वीपासून अशीच मोजतात, जमिनीवर अंथरायच्या चटया किती बसतात त्यावरून. कागदावरसुद्धा तसंच छापलेलं असतं.

पश्याने तिथूनच आक्काला फोन लावला. "आक्का, इथे पण गाद्यांत मोजतात!" एवढंच बोलला. एवढा घोडा झालेला माणूस त्या रिकाम्या खोलीत उभा राहून रडत होता आणि तो म्हातारा आणखी आणखी वाकत होता.

आक्का जराही चकित झाली नाही. म्हणाली, शहाणी माणसं दिसतात, तिथेच रहा.

*

शेवटी विजयाने घर घेतलं, खडवलीला. नवीन बिल्डिंग, दुसरा मजला, वन बीएचके, खिडकीतून झाडं. तिला परवडलं आणि कल्याणची नोकरीही टिकली. नील्याने ग्रुपवर लिहिलं, खडवली? तिथे आपण पिकनिकला जायचो ना? मी त्याला लगेच त्याच्या बारा गाद्यांवर झोपणाऱ्या कुत्र्याची आठवण करून दिली.

पण आक्का हो म्हणेना. सामान आलं, खाट आली, पण आक्काने आपलं गाठोडं सोडलं नाही. त्यात तिच्या पांढऱ्या साड्या, पितळेची वाटी, नवऱ्याचा चष्मा. ते गाठोडं दाराशीच ठेवलेलं. म्हणे, आधी घर भरू दे, मग बघू, नाशिकची गाडी काय, रोज आहे. विजया मला म्हणाली की समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद असतं, बाई दिसते पण बोलत नाही. आक्का दिवसभर त्या बंद दाराकडे बघत बसते.

विजयाने गृहप्रवेश डिसेंबरात ठेवला, तिघांच्या सुट्ट्या बघून. तिघेही आले! सकाळी आक्काने बुद्धमूर्ती घरात आणली, वंदना झाली, खीर झाली, रात्री मटणाचं जेवण. नील्याने ठाण्यात हॉटेल बुक केलेलं, पण तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर तो उठण्याच्या परिस्थितीत नव्हता. विजया पानं उचलून आत आली आणि म्हणाली, "घाला गाद्या."

आम्ही घातल्या. बेडरूममध्ये खाट आणि तिच्याशेजारी एक, हॉलमध्ये दोन, त्या तिन्हींवर रेखा, विजया आणि मी. चौथी स्वयंपाकघराच्या तोंडाशी, तिथे नील्या कोसळला आणि लगेच घोरायला लागला. पाचवी राहिली.

पश्या म्हणाला, माझी जागा ठरलेली आहे, आणि खाटेखाली शिरला. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं! आता पुढेही जाईना आणि मागेही येईना. मी आणि रेखाने पाय धरून ओढला तेव्हा निघाला, शर्टाची दोन बटणं आत ठेवून. कुणीच हसलं नाही. आक्का खाटेवर बसून दाराकडे, तिच्या गाठोड्याकडे बघत होती.

पश्या मुकाट्याने पाचवी गादी घेऊन हॉलच्या टोकाला गेला. तिथेही ती पुरती मावेना. शेवटी त्याने घराचं दार सताड उघडलं आणि गादी उंबऱ्यावरून बाहेर घातली. तो अर्धा घरात, पाय बाहेर पॅसेजमध्ये. विजयाने तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. ती न बोलणारी बाई, हातात कणकेचा गोळा. तिने पश्याचे पाय बघितले, मग आत वाकून आमच्या सगळ्या गाद्या बघितल्या.

म्हणाली, "अहो, पाहुण्यांना असं दारात काय झोपवता? आमच्याकडे दोन गाद्या बसतील."

कुणी काही बोलायच्या आधी आक्का खाटेवरून उतरली. हॉलमधून, आमच्या गाद्यांवरून, पश्याला ओलांडून दाराशी गेली. गाठोडं उचललं आणि विजयाच्या हातात दिलं.

"हे सोड गं," म्हणाली, "आणि वाटी मांडणीवर ठेव."